टेडीला पाळण्यात जागा कधी?

उत्तर आधी देऊन टाकते. बाळ एक वर्षाचं होईपर्यंत त्याच्या झोपायच्या जागेत मऊ खेळणं ठेवायचं नाही. रात्री नाही, दुपारच्या झोपेला नाही, आणि "दहाच मिनिटं, मी इथेच आहे" म्हणूनही नाही. पहिला वाढदिवस होऊन गेला आणि बाळाची वाढ नीट चालली असेल, तर एखादं छोटं, साधं, घट्ट शिवलेलं खेळणं सोबत द्यायला हरकत नाही. घाईत असाल तर एवढं पुरे.

पण कारण न सांगितलेला नियम घरात फार दिवस टिकत नाही. सात महिन्यांचं बाळ हात लांब करून ससा ओढून घेतं, त्याच्या पोटात नाक खुपसून खिदळतं, आणि मग बघणाऱ्याला वाटतं, याला काय होणार आहे? इतकं तर कळतंय त्याला. अशा वेळी "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढ्यावर भागत नाही. त्यात बाळ जन्माला यायच्या आधीच घरात चार-पाच टेडी येऊन बसलेले असतात, आणि जाहिरातीतल्या प्रत्येक पाळण्यात एक अस्वल असतंच. तेव्हा नेमकं होतं काय, ते नीट समजून घेऊ.

नाकासमोरची हवा

गुदमरणं म्हटलं की नाक-तोंड घट्ट दाबलं गेल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. तसं होऊ शकतंच. पण मऊ वस्तूंचा दुसरा एक धोका आहे आणि तो जास्त लबाड आहे. आपण आत घेतो त्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के असतो. बाहेर सोडतो त्या हवेत तो सुमारे ४ टक्के असतो, म्हणजे शंभरपट. मोकळ्या जागेत ही हवा लगेच पसरून जाते, त्यामुळे आपल्याला तिचं काही वाटत नाही. मात्र नाकाला लागूनच टेडीचं केसाळ पोट असेल, दुपट्याची घडी असेल किंवा मऊ गादीत पडलेला खळगा असेल, तर ती हवा तिथेच साचते. पुढच्या श्वासाला बाळ तीच आत घेतं, त्याच्या पुढच्या श्वासालाही तीच. नाक बंद झालेलं नसतं. छाती वर-खाली होत असते. बाहेरून पाहणाऱ्याला बाळ गाढ झोपलेलं दिसतं.

हे प्रयोगांतूनही दिसलेलं आहे. १९९१ साली जेम्स केम्प आणि ब्रॅडली थॅक या अमेरिकी डॉक्टरांनी थर्माकोलच्या दाण्यांनी भरलेल्या बाळांच्या गाद्यांवर झालेल्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाळाचा चेहरा त्या गादीत रुतला की भोवती खळगा तयार होई आणि बाळ आपलीच सोडलेली हवा पुन्हा पुन्हा ओढत राही. मऊ वस्तूंकडे डॉक्टर जास्त संशयाने पाहू लागले, त्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

म्हणून खेळणं विकत घेताना बरेच जण करतात ती परीक्षा फुकट आहे. खेळणं स्वतःच्या तोंडावर दाबायचं, दोन श्वास घ्यायचे, आणि "बघ, येतोय की श्वास" म्हणायचं. मोठ्या माणसाचे दोन श्वास आणि तीन महिन्यांच्या बाळाची दोन तासांची झोप यांची तुलनाच होत नाही. शिवाय श्वास येतो की नाही हा प्रश्नच नाही. कुठली हवा येते, हा आहे.

मोठ्या माणसाच्या तोंडावर पांघरूण आलं तर तो काय करतो? झोपेतच भिरकावून देतो, आणि सकाळी त्याला ते आठवतही नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतोय हे मेंदूच्या तळाशी, मानेकडे उतरणाऱ्या भागात, ओळखलं जातं. तिथून हुकूम सुटतात: मोठा श्वास घे, दचक, मान वळव, हातपाय झाड, आणि तरीही भागलं नाही तर जागा हो आणि रड. बाळांमध्येही ही साखळी असते, पण पहिल्या काही महिन्यांत ती कच्ची असते. बॉस्टनच्या डॉ. हॅना किनी यांनी अचानक दगावलेल्या बाळांच्या मेंदूंचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांपैकी बऱ्याच बाळांमध्ये याच भागातल्या सेरोटोनिन या रसायनाच्या यंत्रणेत दोष आढळले.

किनी आणि त्यांचे सहकारी फिलियानो यांनी १९९४ साली याची एक मांडणी केली, ती आजही वापरली जाते. बाळ झोपेत अचानक दगावतं तेव्हा तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात: बाळात आधीपासून असलेला एखादा छुपा कमकुवतपणा, वाढीचा नाजूक काळ, आणि बाहेरून आलेला ताण, म्हणजे पालथं झोपणं, मऊ वस्तू, धूर, अतिउष्णता. पहिली गोष्ट कुठल्याही तपासणीत आधी कळत नाही. दुसरी प्रत्येक बाळाच्या वाट्याला येतेच. आपल्या हातात राहते फक्त तिसरी. "आमचं बाळ एकदम दणकट आहे, त्याला कशाला?" याचं उत्तर यातच आहे. दणकट कोण, हे बाहेरून दिसत नाही.

सगळ्यात फसवे महिने

अचानक होणाऱ्या अशा मृत्यूंपैकी सुमारे ९० टक्के पहिल्या सहा महिन्यांत होतात आणि दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान त्यांचं प्रमाण सर्वाधिक असतं. हे वाचून बरेच जण असा निष्कर्ष काढतात की सहा महिने पार पडले, आता सुटलो. मला विचाराल तर खेळण्यांच्या बाबतीत हीच सगळ्यात मोठी गफलत आहे.

एक महिन्याचं बाळ जिथे ठेवाल तिथेच राहतं. पायथ्याशी अस्वल असेल तर ते अस्वलापर्यंत पोचत नाही. (म्हणून तिथे अस्वल ठेवावं असं नाही. खेळणी लवंडतात, आणि बाळही पाय मारत मारत सरकतं.) पाच-सहा महिन्यांचं बाळ मात्र पालथं पडतं, गोल फिरतं, हाताला लागेल ते तोंडाशी ओढतं. म्हणजे धोक्यापर्यंत जायची ताकद आली. धोक्यातून बाहेर पडायची आली का? ती नंतर येते, आणि हळूहळू येते.

बाळाच्या हातांकडे नीट पाहिलंत तर हे लख्ख दिसतं. चार-पाच महिन्यांचं बाळ खुळखुळा पकडतं, पण तो नको झाला की खाली ठेवता येत नाही. हात हलवत राहतं, खुळखुळा कपाळावर आपटतो, बाळ रडतं, तरी मूठ सुटत नाही. पकडणं आधी येतं, ठरवून सोडणं पुष्कळ उशिरा, साधारण नऊ-दहा महिन्यांच्या पुढे. आता खुळखुळ्याच्या जागी मऊ ससा घ्या, आणि बाळ जागं नसून अर्धवट झोपेत आहे असं समजा. मुठीत धरलेला ससा तोंडावर आलाय. तो बाजूला करायला आधी अडचण जाणवली पाहिजे, मग जाग आली पाहिजे, मान उचलून वळवता आली पाहिजे आणि हात उघडून वस्तू दूर ढकलता आली पाहिजे. यातलं एकेक बाळाला सुटं सुटं येत असतं, तेही दिवसा, उजेडात, खेळण्याच्या हुशारीत. अंधारात, झोपेच्या गुंगीत, सगळं मिळून एकदम येणं ही वेगळीच पायरी.

अमेरिकेतल्या २४ राज्यांत २००४ ते २०१२ या काळात झोपेत दगावलेल्या ८,२०७ बाळांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या आणि चार महिन्यांखालची बाळं व त्यापेक्षा मोठी बाळं अशी तुलना केली. लहान बाळांमध्ये मोठ्या माणसाशेजारी एकाच बिछान्यावर झोपणं हा घटक जास्त दिसला. मोठ्या बाळांमध्ये चित्र वेगळं होतं. झोपायच्या जागेत दुपटं किंवा मऊ खेळणं यांसारखी वस्तू सापडली अशी बाळं मोठ्यांमध्ये सुमारे ३९ टक्के होती आणि लहानांमध्ये सुमारे ३४. फरक काही डोंगराएवढा नाही. पण आपल्याला वाटतं त्याच्या उलट दिशेचा आहे. बाळ मोठं झालं म्हणून आसपासच्या वस्तू आपोआप निरुपद्रवी होत नाहीत, अशा मृत्यूंमधला त्यांचा वाटा उलट थोडा वाढलेला दिसतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गुदमरून झालेल्या मृत्यूंमध्ये मऊ वस्तूंचा वाटा सर्वांत मोठा असला, तरी त्या वस्तू बहुतेक वेळा पांघरुणं, उशा आणि मोठ्यांच्या मऊ गाद्या असतात. टेडीचा क्रमांक त्यांच्या बराच मागे लागतो. अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका अभ्यासात अशा २५० मृत्यूंपैकी ६९ टक्के मऊ अंथरूण-पांघरुणामुळे झालेले आढळले. म्हणजे टेडी कपाटात ठेवला, पण बाळाच्या भोवती उशांचा कोट तसाच ठेवला, तर फारसं काही साधलं नाही. टेडीकडे लक्ष जातं कारण तो दिसतो. मानेखाली सरकवलेली छोटी उशी कुणाच्या नजरेत येत नाही.

मग बरोबर बाराच महिने का?

वाढदिवसाच्या रात्री बाळाच्या मेंदूत काही बदलतं असं नाही. ही रेषा काही अंशी हिशेबाच्या सोयीची आहे. अशा आकस्मिक मृत्यूंची व्याख्याच पहिल्या वर्षापुरती आहे, नोंदी आणि अभ्यासही त्याच कप्प्यात गोळा होतात. वर्षानंतर असे मृत्यू फारच विरळ होतात. पण रेषा निराधार नाही. वर्षाच्या आसपास बहुतेक बाळं उठून बसतात, धरून उभी राहतात, झोपेत दोन्ही बाजूंना सहज वळतात, नको असलेली वस्तू भिरकावतात (आणि ती तुम्ही परत आणून द्यावी म्हणून ओरडतात). अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था आपल्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या वर्षभर झोपायची जागा मोकळी ठेवायला सांगते: कडक आणि सपाट गादी, घट्ट बसणारी चादर, उताणं बाळ. बाकी काही नाही.

काही ठिकाणी ही रेषा थोडी अलीकडे ओढलेली तुम्हाला दिसेल, आणि आठ-नऊ महिन्यांच्या काही बाळांना खरोखरच काही होणार नाही. पण आपलं बाळ त्या "काही" मध्ये आहे का, हे घरबसल्या ठरवायचं साधन नाही. तिकडे दोन-तीन महिने थांबण्याची किंमत शून्य. बाळाला त्या वयात झोपेसाठी खेळणं लागत नाही. ते आपल्याला हवं असतं.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना मात्र सुधारित वय धरायचं. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ पहिल्या वाढदिवसाला वाढीच्या हिशेबात दहा महिन्यांचं असतं, तेव्हा आणखी दोन महिने थांबावं. स्नायू सैल असणं, फिट्स येणं, हालचालींचे टप्पे उशिरा गाठणं असं काही असेल तर दिनदर्शिका बाजूला ठेवा आणि बाळाच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: झोपेत तोंडावर काही आलं तर याला ते काढता येईल का?

"हे चालतं ना?"

हा नियम ऐकल्यावर पुढचा प्रश्न नेहमी अपवादाचा असतो. रुमालाएवढ्या कापडाला सशाचं डोकं शिवलेलं असतं, ते? नाही. ते लहान आणि सपाट असलं तरी ओल्या तोंडाला छान चिकटतं. जाळीदार, "श्वास घेता येणारं" कापड? कापडावरचा असा शेरा म्हणजे सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नव्हे. आईच्या वासाचा टेडी? वास बाळाला आवडतो हे खरं, पण नाक त्यातच खुपसलं जाणार, आणि अडचण नेमकी तीच आहे. वजनदार खेळणं, वजनदार दुपटं? ते तर अजिबातच नाही. छातीवरचं वजन बाळाला सहज झुगारता येत नाही.

चोखणीला जोडलेल्या खेळण्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ती फार गोंडस दिसतात आणि भेट म्हणून सर्रास दिली जातात. नुसती चोखणी झोपताना तोंडात असणं हे आकस्मिक मृत्यूचा धोका कमी असण्याशी जोडलेलं आढळलं आहे, आणि अकॅडमी तिची शिफारसही करते. पण तिला मऊ प्राणी लटकवलेला असेल तर तो प्राणी बरोबर नाक-तोंडावरच विसावतो. मूळ चांगल्या गोष्टीला वाईट शेपूट. जागेपणी वापरा, झोपवताना साधी चोखणी द्या.

पाळण्याच्या कडांना बांधायच्या जाड गाद्यांचा प्रश्न अमेरिकेने २०२२ साली कायद्यानेच मिटवला. त्या आणि उतरत्या पाठीचे बाळ-झोपाळे, दोन्हींच्या विक्रीवर तिथे बंदी आली. जी वस्तू दुकानात दिसते ती तपासूनच आलेली असणार, असं आपण धरून चालतो. या गाद्या त्याआधी कित्येक वर्षं उघड विकल्या जात होत्या.

आणि आजी म्हणणार, "आम्ही तुम्हाला उशीवर, पालथं झोपवलं, काही झालं नाही." आजी खोटं बोलत नाही. तिला त्या काळी तेच सांगितलं गेलं होतं. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे कित्येक वर्षं पाश्चात्त्य डॉक्टर आणि बालसंगोपनाची पुस्तकं बाळाला पालथं झोपवा असाच सल्ला देत होती. २००५ साली झालेल्या एका आढाव्यात दिसलं की त्या सल्ल्याविरुद्ध पुरावा १९७० पासूनच उपलब्ध होता. तो कुणी एकत्र करून पाहिला नव्हता, इतकंच. नेदरलँड्समध्ये १९८७ पासून, ब्रिटनमध्ये १९९१ पासून, अमेरिकेत १९९२ पासून बाळांना पालथं न झोपवण्याचा सल्ला सुरू झाला आणि पुढच्या दशकभरात अमेरिकेतलं अशा मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. ज्यांच्या घरी काही झालं नाही तेच आज हे सांगायला आहेत. आजीशी वाद घालण्यापेक्षा तिला हा आकडा सांगा. बहुतेक आज्या आकड्यापुढे नाही, पण नातवंडापुढे नमतात.

वर्षापर्यंत काय करायचं

जागेपणी खेळणी भरपूर द्या. पोटावर झोपवून समोर ससा ठेवा, मान उचलायला बाळाला तेवढंच निमित्त मिळतं. पण तुमचे डोळे उघडे आणि बाळावर हवेत. खेळता खेळता ते तिथेच पेंगलं तर उचलून मोकळ्या जागी उताणं ठेवायचं. खेळणं मुठीतच असेल तर लगेच ओढू नका, जागं होईल. थोडं थांबा, हात सैल पडला की अलगद काढून घ्या.

बाळ स्वतःहून दोन्ही बाजूंना वळायला लागलं की रात्रभर ते सरळ करत बसायची गरज नाही. ठेवताना उताणं ठेवा, पुढे त्याने स्वतः घेतलेली कूस चालेल. अट एकच, आजूबाजूला काही नको. खेळण्यांचा नियम या टप्प्यावर जास्त कडक व्हायला हवा तो यामुळेच. आणि दिवसा बाळ दुसऱ्या कुणाकडे झोपत असेल, पाळणाघर असो की मावशी, तर हे सगळं त्यांना गृहीत न धरता, शब्दांत सांगा.

आजवर टेडी पाळण्यातच होता आणि हे वाचून पोटात गोळा आला असेल, तर आज रात्रीपासून काढा. दोन-तीन रात्री कुरकुर होईल. प्रत्येक बाळापुरता पाहिला तर हा धोका लहान असतो. तो टाळायला काहीच लागत नाही, म्हणून तो टाळायचा.

पहिलं खेळणं हातात घेऊन बघताना

वर्षानंतरचं पहिलं खेळणं निवडायला वेळ द्या, कारण मूल त्याच्याशी अनेक वर्षं संसार करणार आहे. आकार असा की मुलाला एका हाताने उचलून फेकता येईल. भरण कापसासारखं, दाण्यांचं नाही. शिवण उसवली तर दाणे सांडतात आणि ते थेट तोंडात जातात.

खेळणं उजेडात धरा. डोळे प्लास्टिकचे असतील तर चिमटीत पकडून पिळा, ओढा, अगदी मुलाच्या जागी तुम्ही असल्यासारखे. थोडे जरी हलले तरी ते खेळणं पाळण्यासाठी नाही. धाग्याने भरलेले डोळे आणि नाक सगळ्यांत चांगले. मग काखेतली आणि पायांच्या मधली शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा, कारण मूल खेळणं एका हाताने लोंबकळत नेतं आणि ताण तिथेच पडतो. टाक्यांमधून पांढरं भरण डोकावत असेल तर परत ठेवा. गळ्यातली रिबन कापून टाका, नुसती गाठ सोडून भागत नाही. कुठलीही दोरी वीतभरापेक्षा लांब नको. कानात अडकवलेली किमतीची चिठ्ठी काढलीत तरी तिचा पारदर्शक प्लास्टिकचा दोरा मागे राहतो, तो बोटांनी चाचपून शोधा. शेवटी पांढरा फडका ओला करून खेळण्यावर चोळा. फडक्याला रंग लागला तर तोच रंग मुलाच्या पोटातही जाणार.

सुट्या भागांसाठी बऱ्याच देशांत एक मोजमाप ठरलेलं आहे: ३१.७ मिलिमीटर व्यासाची छोटी नळी. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते असं धरतात. गाणाऱ्या, चमकणाऱ्या खेळण्यांमध्ये बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजून गंभीर इजा होऊ शकते. अशी खेळणी झोपेच्या जागेत मुळीच नकोत. गिळल्याची नुसती शंका आली तरी सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

लळा

काही मुलांना एकाच खेळण्याचा किंवा फडक्याचा जबरदस्त लळा लागतो, काहींना कशाचाच नाही. दोन्ही ठीक. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डॉनल्ड विनिकॉट यांनी १९५१ साली या लळ्याबद्दल पहिल्यांदा सविस्तर मांडलं. आई सतत जवळ नसते हे मुलाच्या ध्यानात येऊ लागतं, तेव्हा मधली जागा ही वस्तू भरून काढते, असं त्यांचं म्हणणं होतं. ही कमकुवतपणाची खूण नव्हे, म्हणून "मोठा झालास ना आता" असं म्हणून ती हिसकावायची गरज नाही.

व्यवहारातला प्रश्न वेगळाच असतो: ती वस्तू हरवली तर? हुशार आई-बाबा दोन सारखी घेऊन ठेवतात आणि दुसरी कपाटात जपतात. ते बहुधा फसतं. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वस्तूची हुबेहूब नक्कल काढणारं एक "यंत्र" दाखवलं (अर्थात ती हातचलाखी होती). इतर खेळण्यांची नक्कल मुलांनी आनंदाने घेतली. पण आपली लाडकी वस्तू त्या यंत्रात घालायलाच काहींनी नकार दिला, आणि ज्यांनी घातली त्यांतल्या बहुतेकांना मूळचीच परत हवी होती. तेव्हा जोडी घ्यायची असेल तर पहिल्या आठवड्यापासून दोन्ही आलटून पालटून द्या. दोन्ही सारख्याच मळतील, दोन्हींना सारखाच वास येईल. कपाटातलं कोरंकरकरीत अस्वल मुलाच्या लेखी परकंच.

धुण्याचंही त्याने जमतं, एक पाण्यात असताना दुसरं हातात. घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे मऊ खेळण्यांत मजेत राहतात. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या मुलाचं खेळणं ६० अंशांच्या पाण्यात धुवावं. ते सोसणारं नसेल तर पिशवीत घालून चोवीस तास फ्रीजरमध्ये ठेवावं आणि मग साध्या पाण्यात धुवावं. नुसत्या गारठ्याने किडे मरतात, पण त्यांची घाण, जिच्यामुळे शिंका येतात, ती तशीच राहते.

एकाचे चार व्हायला वेळ लागत नाही, पण पाळण्यात एक-दोनच पुरेत. मोठं अस्वल असेल तर उभं राहता येणाऱ्या मुलाला ती आयती पायरी मिळते, आणि पाळण्यातून डोक्यावर पडणं ही काही विरळ घटना नाही. मूल साधारण ९० सेंटिमीटर उंच झालं की कठड्याच्या पाळण्यातून बाहेर काढून ठेंगण्या बिछान्यावर हलवतात. उशीची गरज दीड-दोन वर्षांच्या आधी पडत नाही, आणि तेव्हाही पातळ.

एक शेवटची खबरदारी अशा घरांसाठी, जिथे आधीचं मूल तीन-चार वर्षांचं आहे आणि आता धाकटं आलंय. थोरल्याला नवं बाळ रडताना दिसलं की तो आपल्याजवळची सर्वांत किमती वस्तू, म्हणजे स्वतःचा टेडी, पाळण्यात नेऊन टाकतो. त्याच्या मते ते औषध असतं. रागावू नका, पण हे घडणार हे धरून चाला. पाळण्याजवळच, बाळाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, एक फळी किंवा खुर्ची ठरवून ठेवा आणि थोरल्याला सांगा की टेडी इथे बसून बाळाकडे बघणार. आणि झोपलेल्या बाळाच्या खोलीत थोरला एकटा जाऊन आला असेल, तर तुम्हीही एकदा आत जाऊन पाळण्यात नजर टाका.